नानांचं हवाई अंतर

दोन ठिकाणांमधलं खरं अंतर ज्याला कळलं, त्याला जगात आणखी काही कळून घ्यायची गरज उरत नाही, असं मुरलीधर भंगाळे, म्हणजे आमचे नाना, फार गंभीरपणे सांगत. हे सांगताना ते धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आरेखकाच्या उंच स्टुलावर बसलेले असत आणि खोलीतला पंखा बंद असे. पंखा बिघडलेला नव्हता. नाना नकाशावर अंतर मोजत असताना कागद हलू नये म्हणून तो बंद करावा लागे. धुळ्याच्या मे महिन्यात पंखा बंद करून शोधलेलं सत्य किती महाग पडतं, ते त्या खोलीत बसलेल्यांनाच ठाऊक.

मी जळगावहून बदलून त्या कार्यालयात आलो, आरोग्याच्या फाइली सांभाळायला. पहिल्या दिवशी नानांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं.

"जळगाव," मी म्हणालो.

"त्र्याऐंशी किलोमीटर."

"एसटीवाले तर नव्वदच्या वर सांगतात."

"एसटीवाल्यांचं मनावर घेऊ नका. ते वळणांचंही भाडं घेतात. हवेतून त्र्याऐंशी."

"पण नाना, मी एसटीनंच आलो."

"ती तुमची वैयक्तिक अडचण झाली," असं म्हणून नाना पुन्हा कामाला लागले.

नाना मूळचे नशिराबादचे. उंच, वाळकुडे, खिशात दोन पेन्सिली आणि कानामागे तिसरी. आयुष्यात ते कधी विमानात बसले नव्हते आणि बसायची इच्छाही त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. धुळ्याच्या धावपट्टीवर वर्षाकाठी एखाद्या मंत्र्याचं छोटं विमान उतरे. आवाज आला की अख्खं कार्यालय खिडकीत गोळा व्हायचं. नाना जागचे हलत नसत. "त्यात काय बघायचं?" ते म्हणत. "तो माणूस माझ्याच रेघेवरून येतोय."

शनिवारी आम्ही दोघं बहुधा एकाच गाडीनं घरी जायचो. मी जळगावला उतरायचो, ते पुढं नशिराबादला. धुळे-जळगाव रस्त्याबद्दल त्यांचं मत बरं होतं. "हा रस्ता तसा प्रामाणिक आहे. फार इकडंतिकडं करत नाही," असं ते म्हणत, आणि पारोळ्यात गाडी स्टँडसाठी गावात वळली की प्रामाणिक माणसाला गुत्त्यात शिरताना पाहावं तसे ते अस्वस्थ होत. घाटांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा होता. "घाट म्हणजे रस्त्यानं दिलेली कबुली, की बाबा, मला जमलं नाही." एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "दादा, एरंडोल किती लांब राहिलं?" नानांनी बाहेर पाहून जो आकडा सांगितला तो ऐकून बाई पिशव्या आवरून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एरंडोल यायला त्यानंतर बराच वेळ लागला. उतरताना त्यांनी नानांकडे जो कटाक्ष टाकला तो मी पाहिला. नानांनी पाहिला नाही. ते खिडकीतून बाहेर, सरळ पाहत होते.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण सरकारात गमतीलाही अधिकार असतात.

त्या काळी आमच्याकडे एक निकष होता. एका आरोग्य उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत दुसरं उपकेंद्र मिळायचं नाही. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, औषधांचं एक कपाट आणि एक नर्स. पाच किलोमीटर म्हणजे हवाई. रस्त्याचं अंतर धरलं तर जो तो आपल्या सोयीचा रस्ता सांगणार, म्हणून. यातला युक्तिवाद बिनतोड होता आणि तो नानांचाच होता. "रस्ता म्हणजे लोकांचं मत," ते म्हणत. "रेघ म्हणजे वस्तुस्थिती." साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं होतं की ते बैठकांमध्ये ते स्वतःचं म्हणून सांगत. नाना मागच्या रांगेत बसून समाधानानं मान डोलवत.

अंतराचा दाखला नाना देत. दाखला देण्याचा विधी असे. नाना आधी हात धुऊन येत. मग नकाशा पसरत, त्याच्यावरून मलमलचा तुकडा फिरवत, आणि शिपाई धनराजकडे नुसतं बघत. धनराज पंखा बंद करी. खोलीतली माणसं हातातली कामं थांबवत, कागद उडतील म्हणून नाही, तर नानांना आवाज चालत नसे म्हणून. मग ते पितळी कर्कटक काढत, एक टोक एका गावावर ठेवत, दुसरं हळूहळू उघडत दुसऱ्या गावावर नेत. कर्कटक तसंच उचलून प्रमाणपट्टीवर धरत. डोळे बारीक. मग आकडा.

"नाना, आते लावू का पंखा?" धनराज विचारी. "बठ्ठा लोके घामाघूम व्हई ग्यात."

"थांब," नाना म्हणत. "शाई वाळू दे."

नाना कुणाला सूट देत नसत. एका गावचे पुढारी आपल्या गावाची हद्द दूरवर पसरली आहे, शेवटचं घर फार लांब आहे, असं सांगत आले तेव्हा नानांनी फाइलवर एक टिपणी लिहिली, जी पुढं कार्यालयात आदर्श मानली गेली: 'मोजमाप गावाच्या मध्यापासूनच व्हावे. घरागणिक अंतर बदलू दिल्यास शिस्त राहणार नाही.' पुढारी गेल्यावर नाना मला म्हणाले, "माणसाचं घर कुठंही असू शकतं हो. गाव कुठं आहे ते ठरलेलं असतं." हे वाक्य मी विसरलो नाही. तेही विसरले नाहीत, पण ते पुढं.

नानांना एकच मुलगी, मंदा. बापासारखीच उंच, आईसारखी तोंडाची फटकळ. रावेरकडच्या एका केळीवाल्या घरचं स्थळ आलं होतं, पण तिनं आधी नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं आणि पहिली नेमणूक मिळाली ती सातपुड्यात, शिरपूरच्याही उत्तरेला, उंबरदरा नावाच्या पाड्यावर. नानींनी डोळ्याला पदर लावला. नानांनी नकाशा काढला. "उगाच रडतेस. शिरपूरच्या थोडं वर तर आहे," ते म्हणाले.

"तुमाले काय, तुमी बोटानं जाऊन येता," नानी म्हणाल्या. "पोरीले पायानं जायचं आहे."

वर्षभरानं दरीपलीकडच्या साळपाणी पाड्यानं उपकेंद्र मागितलं. अर्ज माझ्याकडे आला, माझ्याकडून अंतराच्या दाखल्यासाठी नानांकडे गेला. पंखा बंद झाला. उंबरदरा ते साळपाणी, चार पूर्णांक सहा. पाचाच्या आत. नानांनी लिहिलं, 'सबब निकषात बसत नाही.' साहेबांनी सही केली आणि साळपाणी हा पाडा उंबरदऱ्याच्या उपकेंद्राला जोडला गेला. म्हणजे मंदाला. नाना त्या दिवशी खुशीत होते. मुलीच्या कामातली दोन्ही गावं इतकी जवळ आहेत, हे त्यांनी स्वतः मोजून पाहिलं होतं.

दिवाळीला मंदा घरी आली तेव्हा मी नशिराबादला फराळाला गेलो होतो. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि नानी त्यांत मेण भरत बसल्या होत्या.

"बाबा, साळपाणी किती लांब म्हणालात?"

"चार पूर्णांक सहा."

मंदा हसली. "सकाळी निघते. दरी उतरते, खाली नदी आहे, ती ओलांडते, मग पलीकडचा कडा चढते. पोचते तेव्हा दिवे लागलेले असतात. तिथंच मुक्काम. दुसरा दिवस परत यायला. पावसाळ्यात नदी उतारच देत नाही, तेव्हा तर जाताच येत नाही."

"तो रस्त्याचा दोष आहे," नाना म्हणाले. "अंतराचा नाही."

मंदानं टाच आईच्या हातातून काढून घेतली आणि करंजी खाल्ली. मग म्हणाली, "बाबा, एकदा चालून बघा."

"बघू," नाना म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडी 'बघू'चा जो अर्थ असतो तोच त्यांच्याही तोंडी होता.

उंबरदऱ्याच्या उपकेंद्राच्या ओट्यावरून साळपाणी दिसतं. मधली दरी दिसत नाही. नुसतं समोर, हात लांबवला तर लागेल असं. म्हणून मंदानं साळपाणीच्या लोकांशी एक ठरवून घेतलं होतं. बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, पोराला ताप चढला, की त्यांनी कड्याच्या टोकाला ओला पाला जाळायचा. धूर दिसला की ती पिशवी घेऊन निघायची. निरोप हवेतून यायचा, नर्स पायानं जायची. नानांना ही युक्ती तिनं सांगितली तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? हवेतून जवळच आहे."

पुढच्या पावसाळ्यात, पावसानं उघडीप दिली तेव्हा, साळपाणीहून धूर उठला. मंदा नदीपर्यंत गेली. पाणी दोन्ही थड्यांना लागून चाललं होतं. ती थांबली, ओरडून पाहिलं, परत वर आली. धूर होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरली, पाणी तसंच. वर येऊन ओट्यावर बसली. धूर होता. दुपारनंतर धूर उठला नाही.

साळपाणीचे कारभारी जामसिंग यांची सून होती. पहिलटकरीण. ती गेली, मूल राहिलं.

हे मंदानं आम्हाला सांगितलं ते नशिराबादच्या पडवीत, अगदी सपाट आवाजात, जसं ती लसीकरणाचे आकडे सांगे तसं. सांगताना तिनं बापाकडे एकदाही पाहिलं नाही. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते. नानींनी "चहा ठेवते" म्हटलं आणि उठल्या नाहीत. मग नाना मला म्हणाले, "डिसेंबरात रजा मिळेल तुम्हाला?"

मिळाली. आम्ही शिरपूरला एक गाडी बदलली, पुढं आणखी एक, आणि जिथं गाडी संपते तिथून चालत उंबरदऱ्याला पोचलो. नानांनी यासाठी कॅनव्हासचे नवे बूट घेतले होते. नानींनी कळण्याच्या भाकरी आणि भरीत बांधून दिलं होतं. "यांले हवेतून भूक लागत नाही," असं त्या मला निघताना म्हणाल्या होत्या. खिशात कर्कटक होतं. ते कशाला घेतलं, हे मी विचारलं नाही.

सकाळी ओट्यावर उभं राहून मंदानं बोट दाखवलं. "ते साळपाणी."

नाना चकित झाले. चेहरा उजळला. "अरे, हे काय इथंच आहे!" माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. चार पूर्णांक सहाच. जास्त नाही."

"चला," मंदा म्हणाली.

उतरताना नाना पहिला तासभर बोलत होते. समोरच्या कड्याची उंची, सर्वेक्षण करणाऱ्यांनी इथं दुर्बीण कुठं लावली असेल, वगैरे. नंतर ते फक्त पायाखाली बघू लागले. वाट सरळ खाली जात नव्हती. ती आधी उलट्या दिशेला जाई, मग परत येई, मग पुन्हा उलटी. प्रत्येक वेळी साळपाणी आमच्या पाठीमागं जाई. दर वळणाला नाना थांबून मागं बघत, जणू कुणीतरी त्यांचं काही काढून घेतंय. नदीशी पोचेस्तोवर ऊन कलायला लागलं होतं. नाना एका दगडावर बसले आणि बूट काढले. पाणी गुडघ्याएवढंच होतं.

"हीच का?" त्यांनी विचारलं.

"हीच," मंदा म्हणाली.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग दोन्ही काठांवर, हातभर उंचीवर अडकलेल्या काटक्याकचऱ्याकडे. पुराचं पाणी कुठवर येतं ते काटक्या सांगतात. नाना उठले आणि बूट हातात घेऊन पाण्यात शिरले.

वर पोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. जामसिंग कारभाऱ्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. पिळदार, पिकल्या मिशांचा माणूस. घराच्या आढ्याला टांगलेल्या झोळीत एक मूल झोपलेलं होतं.

"ताई, हे साहेब कोण?"

"माझे वडील. अंतर मोजतात."

"असं?" जामसिंग नानांच्या समोर उकिडवे बसले. त्यांना खरोखर उत्सुकता होती. "मग मोजलं काय आमचं?"

"मोजलं," नाना म्हणाले.

"किती भरलं?"

मी नानांकडे पाहिलं. हा प्रश्न म्हणजे त्यांचं आयुष्य होतं. झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी दशांशासकट उत्तर दिलं असतं. नानांनी पेल्यातलं पाणी संपवलं आणि झोळीकडे बघत विचारलं, "नातू?"

"नात आहे."

"बरं," नाना म्हणाले.

सकाळी त्यांनी जामसिंगना गावाचा मध्य दाखवायला सांगितलं. जामसिंगना प्रश्नच कळला नाही. नानांनी समजावलं, की गावाच्या अगदी मधोमध काय आहे. जामसिंगनी हात फिरवला. "हे माझं घर. ते खाली दिसतं ते भावाचं. टेकाडाच्या मागं बारक्याचं, त्याच्याही मागं आणखी चार. ज्याचं शेत तिथं त्याचं घर. मधे कोण राहील, साहेब? मधे नाला आहे."

नाना नाल्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा ते हळू आवाजात बोलले. "नकाशावर इथं ठिपका नव्हता. नुसतं नाव छापलेलं होतं. मी टोक नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं." मग म्हणाले, "नाव कुठं छापायचं ते छापणारा ठरवतो. जिथं जागा रिकामी असेल तिथं छापतो."

खिशातून त्यांनी कर्कटक काढलं, दरीपलीकडच्या उंबरदऱ्यासमोर धरलं, टोकं थोडी उघडली आणि मिटवून परत खिशात ठेवलं. "रेघ फार चुकलेली नाही," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

परतीच्या वाटेवर बापलेक माझ्यापुढं चालत होते. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. काही बोलले असतील.

धुळ्याला आल्यावर नानांनी पंखा बंद न करता नकाशा काढला. उंबरदऱ्याच्या उपकेंद्रापासून बारक्याच्या मागच्या शेवटच्या घरापर्यंत पाच पूर्णांक दोन. निकषात बसत होतं. त्यांनी नवा दाखला लिहिला, स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब भले गृहस्थ होते. बढतीवर डोळा असला तरी. त्यांनी कपाटातून एक जुनी फाइल मागवली.

"नाना, हे कुणी लिहिलंय? 'घरागणिक अंतर बदलू दिल्यास शिस्त राहणार नाही.'"

"मी."

"फार चांगलं लिहिलंय. मी ते सगळ्यांना दाखवतो."

"साहेब, तिथं मध्यच नाही. मी जाऊन आलो."

"नाना, तुम्हीच गावोगाव जाऊन मोजायला लागलात तर नकाशे कशाला ठेवायचे?"

यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत नानांनी या एका विषयावर टिपण्या लिहिल्या. चालण्याचा वेळ धरावा. चढउतार धरावा. नदी किती महिने अडवते ते धरावं. साहेब प्रत्येक टिपणी वाचत, कारण नानांबद्दल त्यांना आदर होता, आणि प्रत्येक परत पाठवत. एकदा त्यांनी समासात लिहिलं, 'वेळ कोणाच्या पायाने मोजावयाचा? आपल्या की तेथील रहिवाशांच्या?'  असा प्रश्न विचारायला आम्हा सगळ्यांना नानांनीच शिकवलं होतं.

कार्यालयातले लोक हसत. "नाना आता पायी चालायला लागले," असं कुणीतरी म्हटलं आणि तो विनोद बरेच दिवस चालला. धनराज मात्र नानांच्या खोलीतला पंखा आता कधीच बंद करत नसे. नानांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं. अंतराचे दाखले ते अजून देत, पण उभ्या उभ्या, जशी माणसं तेराव्याला हजेरी लावून जातात तसे.

निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं. रस्ता म्हणजे मत आणि रेघ म्हणजे वस्तुस्थिती, हे वाक्य पहिल्यांदाच नानांच्या नावानं सांगितलं. टाळ्या पडल्या. उत्तर द्यायला नाना उठले, माइकजवळ उभे राहिले, "मला वाटतं..." म्हणाले, आणि खाली बसले. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. पुन्हा टाळ्या पडल्या.

नशिराबादला मी अधूनमधून जात राहिलो. नाना अंगणात कडुनिंबाखाली बसलेले असत. पहिल्यासारखं अंतर सांगत नसत. "किती वेळ लागला यायला?" असं विचारत, आणि मी जे सांगेन ते खरं धरत. एकदा मी कर्कटकाबद्दल विचारलं. "नानीनं घेतलं," ते म्हणाले. "सांडगी मिरची भरायच्या आधी टोचावी लागते. त्याला बरं पडतं ते." नानी आतून म्हणाल्या, "पहिल्यांदा कामाले आलं ते."

त्या दिवशी निघताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. "तिनं सांगितलं होतं हो. दिवाळीला. मेण लावत होती तिची आई. तेव्हाच गेलो असतो, तर पावसाळ्याला अजून सात महिने होते."   रस्त्यावरून केळीचे ट्रक चालले होते.

नाना गेले ते हिवाळ्यात, सकाळी अंघोळीला उठताना. कुणीतरी जळगावहून शिरपूरला फोन लावला, निरोप ताबडतोब पोचला. शिरपूरहून उंबरदऱ्याला माणूस पाठवला गेला. मंदा साळपाणीला गेली होती.

उंबरदऱ्याच्या लोकांनी कड्यावर ओला पाला जाळला. उलट्या बाजूनं धूर पहिल्यांदाच उठत होता, त्यामुळे साळपाणीला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. जामसिंग म्हणाले, "ताई, तुझ्याच घरचं काही असेल." ती निघाली. नशिराबादला पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तिनं पिशवी पडवीत ठेवली, चपला काढल्या, आणि नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. "मी लगेच निघाले होते," ती आईला म्हणाली. दोनतीनदा म्हणाली. नानी म्हणाल्या, "माहीत आहे माय. त्यांलेही माहीत होतं."

त्यानंतरच्या वर्षी उंबरदऱ्याला एका मंत्र्यांचा मेळावा ठरला. मी बंदोबस्ताला होतो, म्हणजे हारांच्या टोपल्यांजवळ. मंत्री हेलिकॉप्टरनं येणार होते. मांडव, बँड, साहेब, सगळे आकाशाकडे बघत होते. हेलिकॉप्टर आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि दरीपलीकडे साळपाणीला, बारक्याच्या कापणी झालेल्या शेतात उतरलं. वरून दोन्ही पाडे सारखेच दिसत असावेत. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हार घेऊन तिकडं कुणाला पाठवावं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी मंदाकडे पाहिलं. मंदा म्हणाली, "उद्या सकाळी पोचतील, साहेब."

तिकडं मंत्र्यांना जामसिंगनी खाट टाकली, पाणी दिलं आणि उपकेंद्र मागितलं. मंत्री म्हणाले, "दिलं." मग ते पुन्हा हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि बँडवाले वाद्यं हातात घेईपर्यंत आमच्याकडे उतरले. भाषणात त्यांनी आदिवासी भागातल्या ऐक्याचं कौतुक केलं. दोन्ही गावं किती जवळजवळ आहेत, हे आज आपण स्वतः पाहिलं, असं ते म्हणाले. मंदानं माझ्याकडे पाहिलं. मी हारांकडे पाहिलं.

उपकेंद्र खरोखर मंजूर झालं. आदेश माझ्याच टेबलावर आला. निकषात बसत नसूनही साळपाणीला 'विशेष बाब' म्हणून दोन खोल्या आणि एक कपाट मिळालं होतं. खाली एक अट होती. उंबरदरा आणि साळपाणी यांमधील हवाई अंतर केवळ ४.६ किलोमीटर असल्याने दोन्ही उपकेंद्रांना मिळून नर्सचं पद एकच राहील.